घरबसल्या न्यायाचा अभ्यास

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता खानापूर तालुक्यातील एक वृद्ध गृहस्थ आमच्याकडे आले. रविवारची मिस्सा नुकतीच आटोपली होती. छत्री दाराशी टेकवून ते बाकावर बसले आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत. शेवटी त्यांनी खिशातून मोबाइल काढला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "गुरुजी, धाकटीचा निरोप आला आहे. म्हणते, मी पदवीचा अभ्यास करणार. तोही चोर आणि पोलिसांचा! आणि कॉलेजात पाऊल न टाकता, घरात बसून! ह्यातून आम्ही अडाण्यांनी काय समजावे?"

त्यांची ही धाकटी कन्या लग्न होऊन अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात गेली, त्याला आता नऊ वर्षे झाली. ती तेथील कायम रहिवासी आहे. बेळगावात तिने बी.ए.ची दोन वर्षे पुरी केली होती. पुढे संसारात पुस्तके मिटली ती मिटलीच. जावई एका गोदामात कामाला आहेत आणि ती एका मोठ्या दुकानात संध्याकाळच्या पाळीला पहारेकऱ्याचे काम करते. एके रात्री तेथे पंधरा वर्षांचा एक मुलगा चोरी करताना सापडला. पोलीस आले आणि त्याला घेऊन गेले. त्या रात्री तिने वडिलांना फोन करून एकच प्रश्न विचारला होता, "बाबा, त्या पोराचे आता पुढे काय होईल?" बाबांजवळ उत्तर नव्हते. ते शोधायला ती आता निघाली होती.

परंतु वडिलांच्या मनात तीन शंका घर करून बसल्या होत्या. घरात बसून मिळालेली पदवी खरी की खोटी? त्यासाठी कर्ज काढावे लागेल, ते बुडाले तर? आणि हे सारे करून पोरीच्या पदरात शेवटी पडणार काय? आम्ही त्यांच्याकडे पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली. त्या अवधीत जे समजले, ते आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. कारण आपल्या गावोगावची मुले-मुली आज दूरदेशी आहेत, आणि अशाच जाहिराती त्यांच्याही डोळ्यांसमोर रोज नाचत असतात.

हा अभ्यास आहे तरी कसला?

ह्या विषयाला अमेरिकेत 'क्रिमिनल जस्टिस' म्हणतात. आपण त्याला फौजदारी न्यायव्यवस्था म्हणू. गुन्हा घडल्यापासून गुन्हेगार पुन्हा समाजात परतेपर्यंत माणूस तीन दारांतून जातो: पोलीस, न्यायालय आणि तुरुंग. ही तीन दारे कशी उघडतात व कशी मिटतात, ती कोणाच्या हाती असतात आणि त्यांतून जाणाऱ्याचे काय होते, ह्याचा हा अभ्यास आहे.

त्याचा उगम मोठा मनोवेधक आहे. कॅलिफोर्नियातील बर्कली गावात ऑगस्ट व्होलमर नावाचा एक पोस्टमन होता. शालेय शिक्षण बेताचेच. १९०५ मध्ये तो गावाचा पोलीस प्रमुख म्हणून निवडून आला. त्याने शिपायांना सायकली दिल्या, त्यांच्यासाठी शाळा काढली, आणि १९१६ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सहकार्याने पोलिसांकरिता उन्हाळी वर्ग सुरू केले. पोलिसाला नुसते मनगट असून भागत नाही, त्याला विद्या हवी, असे त्याचे मत होते. पत्रे वाटणारा हा गृहस्थ पुढे विद्यापीठात प्राध्यापक झाला.

तरीही हा विचार देशभर पसरण्यास अर्धे शतक लागले. न्यूयॉर्कमध्ये १९६४ साली ह्याच विषयाला वाहिलेले महाविद्यालय निघाले. ते आज जॉन जे महाविद्यालय ह्या नावाने प्रसिद्ध आहे. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन ह्यांनी १९६५ मध्ये गुन्हेगारीच्या प्रश्नावर एक आयोग नेमला. सामान्य पोलिसी अधिकार असलेला प्रत्येक अधिकारी अखेरीस पदवीधर असावा, असे त्या आयोगाने १९६७ च्या अहवालात सुचविले. पुढच्याच वर्षी झालेल्या कायद्यान्वये पोलिसांच्या शिक्षणासाठी सरकारी पैसा उपलब्ध झाला, आणि महाविद्यालयांतून हे वर्ग भराभर उघडले. पैसा आला की गळाठाही येतोच. पुष्कळ ठिकाणचे शिक्षण अगदी उथळ आहे, असा ठपका १९७८ मधील एका चौकशी अहवालाने ठेवला. चांगले आणि सुमार ही दोन्ही दुकाने एकाच बाजारात असतात, हे तेव्हापासूनचे सत्य आहे.

ह्या पदवीत काय शिकवितात? फौजदारी कायदा, तपासाची व खटल्याची कार्यपद्धती, गुन्हा का घडतो ह्याचे शास्त्र, पोलीस व्यवस्था, न्यायालये, तुरुंग व सुधारणा, बालगुन्हेगारांचा न्याय, गुन्ह्याला बळी पडलेल्यांची स्थिती, संख्याशास्त्र आणि नीतिशास्त्र. त्यांच्या जोडीला इंग्रजी लेखन, इतिहास, गणित, विज्ञान असे सर्वसामान्य विषय असतातच. ही वकिलीची सनद नव्हे, हे मात्र ध्यानात ठेवावे. अमेरिकेत वकील होण्यासाठी कोणत्याही विषयातील पदवीनंतर साधारणतः तीन वर्षांचे वेगळे विधी शिक्षण घ्यावे लागते.

घरबसल्या म्हणजे कसे?

'घरात बसून पदवी' हे शब्द ऐकून आमचे पाहुणे हसले होते. पण ही कल्पना दिसते तेवढी नवी नाही. लंडन विद्यापीठाने १८५८ पासून बाहेरच्या विद्यार्थ्यांस आपल्या पदव्यांची दारे उघडली. अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया स्टेट महाविद्यालयाने १८९२ मध्ये शेतकऱ्यांना टपालाने शेतीचे पाठ पाठविण्यास प्रारंभ केला. त्याच संस्थेने १९९८ मध्ये संगणकावरून शिकविणारी शाखा काढली. आपल्याकडे दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. म्हणजे काल जे पोस्टमन आणीत असे, ते आज तारेवरून येते, इतकेच.

मात्र वाट घरातून जाते म्हणून ती सोपी आहे, असे कोणी समजू नये. अमेरिकेतील पदवीला सामान्यतः १२० क्रेडिट लागतात. तीन क्रेडिटचा एक विषय धरल्यास सुमारे ४० विषय झाले. एका क्रेडिटमागे पंधरा आठवडे दर आठवड्यास एक तास शिकवणी व दोन तास स्वतःचा अभ्यास, असे तेथील प्रमाण आहे. हिशेब करा. एका विषयाला आठवड्याचे ९ तास, आणि संपूर्ण पदवीला ५,४०० तास! नोकरी आणि मुले सांभाळून जी बाई एका सत्रात दोन विषय घेते, तिला आठवड्यातून १८ तास काढावे लागतात. हे १८ तास कोठून तरी येतात. ते झोपेतून येतात, रविवारच्या विसाव्यातून येतात, कधी मुलाच्या वाट्याच्या गोष्टीतूनही येतात. म्हणून हा निर्णय एकटीचा नसतो, सबंध घराचा असतो.

वर्ग कसा चालतो, तेही सांगतो. आठवड्याच्या आरंभी प्राध्यापकांचे व्याख्यान व वाचनाचा मजकूर संगणकावर येतो. विद्यार्थ्याने तो आपल्या सवडीने वाचावा, दिलेल्या प्रश्नावर लेखी मत मांडावे, इतर विद्यार्थ्यांच्या मतांस उत्तर द्यावे आणि ठरल्या दिवशी निबंध पाठवावा. वेळ सवडीची असली तरी मुदत सवडीची नसते. कित्येक परीक्षांत संगणकावरील कॅमेरा विद्यार्थ्यावर नजर ठेवतो. शेजारच्या बाकावर कोणी नसते, शंका विचारायला कोणी हाताशी नसते. मध्येच सोडून देणारे ह्याच एकटेपणाने सोडतात.

खर्च आणि वेळ वाचविण्याचे प्रामाणिक मार्गही आहेत. पहिली दोन वर्षे गावच्या कम्युनिटी कॉलेजात करावीत. तेथील फी पुष्कळ कमी असते. त्यानंतर ती क्रेडिट मोठ्या विद्यापीठात न्यावीत, पण ती स्वीकारली जातील असे आधी लेखी घ्यावे. भारतात पुऱ्या केलेल्या वर्षांचे मूल्यमापन करून देणाऱ्या संस्था तेथे आहेत. त्यामुळे बेळगावातील ती दोन वर्षे अगदीच वाया गेली असे नव्हे. पोलीस अकादमीचे शिक्षण झालेल्यांना काही महाविद्यालये त्याचीही क्रेडिट देतात. नागरिकांस आणि कायम रहिवाशांस 'फाफ्सा' नावाचा सरकारी अर्ज विनामूल्य भरता येतो. उत्पन्न बेताचे असेल तर पेल अनुदान मिळते, आणि ते परत फेडावे लागत नाही. २०२४-२५ साली ते जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर होते. आधी अनुदान, मग बचत, आणि सर्वांत शेवटी कर्ज, हा क्रम चुकू देऊ नये.

सोन्याचा मुलामा

आता पहिल्या शंकेकडे वळू. पदवी खरी कशी ओळखावी?

अमेरिकेत केंद्र सरकार स्वतः महाविद्यालयांस मान्यता देत नाही. ते काम स्वतंत्र मान्यता मंडळे करतात, आणि त्यांपैकी कोणती मंडळे विश्वासार्ह आहेत हे केंद्रीय शिक्षण खाते ठरविते. त्या खात्याची यादी कोणालाही संगणकावर फुकट पाहता येते. यादीत महाविद्यालय नसेल तर पुढे एक पाऊलही टाकू नये. ठग मंडळी स्वतःच महाविद्यालय काढतात, आणि त्याला मान्यता देणारे मंडळही स्वतःच काढतात! २०१५ मध्ये कराचीतील एका कंपनीचे असे जाळे वृत्तपत्रांनी उघडकीस आणले. ज्यांचे अस्तित्व केवळ चित्रांत होते, अशा विद्यापीठांच्या पदव्या तेथून जगभर विकल्या जात होत्या.

पण मान्यता असली म्हणजे सारे संपले असेही नाही. वेस्टवुड कॉलेजचे उदाहरण ह्याच पदवीचे आहे, म्हणून ते सविस्तर सांगतो. ह्या खासगी महाविद्यालयाला मान्यता होती. त्याच्या शिकागोकडील शाखांत फौजदारी न्यायव्यवस्थेची पदवी दिली जाई. त्या पदवीने पोलिसात नोकरी मिळेल, असे सांगून विद्यार्थी गोळा केले, पण शिकागोचे व राज्याचे पोलीसदल त्या प्रकारची मान्यता धरीतच नव्हते, असा आरोप करून इलिनॉय राज्याच्या महाधिवक्त्यांनी २०१२ मध्ये दावा लावला. महाविद्यालय २०१६ मध्ये बंद पडले. पुढे २०२२ मध्ये केंद्रीय शिक्षण खात्याने वेस्टवुडच्या ७९,००० विद्यार्थ्यांचे सुमारे १५० कोटी डॉलरचे कर्ज माफ केले. कर्ज माफ झाले हे खरे. पण रात्री जागून अभ्यास केलेली ती वर्षे कोणत्या खात्याने परत करावयाची?

म्हणून प्रश्न महाविद्यालयालाच विचारून थांबू नये. जेथे नोकरी हवी, त्या कचेरीला आधी विचारावे, "ह्या महाविद्यालयाची पदवी तुम्हांस चालते काय?" एका पत्राचे हे काम आहे, आणि ते पुढचे सर्व अश्रू वाचविते.

एक इशारा आपल्या गावांतील मुलांसाठी. संपूर्ण संगणकावरच्या अभ्यासक्रमात नाव घातल्याने अमेरिकेचा विद्यार्थी व्हिसा मिळत नाही. तो मिळवून देतो म्हणणारा दलाल दारात आला तर त्याला चहा पाजावा आणि वाटेला लावावे.

पदरात काय पडते?

अमेरिकेत लहानमोठी मिळून सुमारे १८,००० पोलीसदले आहेत, आणि प्रत्येकाचा नियम निराळा. साध्या शिपायाला बहुतेक ठिकाणी शालान्त शिक्षण पुरते. न्यूयॉर्क शहराच्या पोलीसदलाने तर माणसे मिळेनाशी झाली म्हणून महाविद्यालयीन ६० क्रेडिटची अट २०२५ मध्ये २४ वर आणली. पदवी असली तरी पोलीस अकादमीचे शिक्षण, शारीरिक चाचणी आणि चारित्र्याची चौकशी चुकत नाही. संघराज्याच्या तपास खात्यास, म्हणजे एफ.बी.आय.ला, पदवी लागते, पण त्याचबरोबर अमेरिकेचे नागरिकत्वही लागते. कायम रहिवाशाने हे आधीच ध्यानात घ्यावे.

मग ह्या पदवीची खरी गरज कोठे? गुन्हेगारास तुरुंगात न धाडता देखरेखीखाली समाजात ठेवले, तर त्याच्यावर लक्ष ठेवणारा, त्याला कामास लावणारा, न्यायाधीशास त्याचा अहवाल देणारा जो परिवीक्षा अधिकारी असतो, त्याला तेथे सामान्यतः पदवी लागते. बालगुन्हेगारांची काळजी घेणाऱ्या संस्था, गुन्ह्यात होरपळलेल्या कुटुंबांना आधार देणारे कार्यकर्ते, न्यायालयांच्या कचेऱ्या, येथेही ती उपयोगी पडते. ही कामे भरपूर पगाराची नव्हेत. परंतु पकडलेल्या त्या पंधरा वर्षांच्या पोराचे पुढे काय होते, हे नेमके ह्याच माणसांच्या हाती असते. तिची निवड अचूक होती, असे आम्हांस वाटले.

हे शिक्षण कॅथलिक संस्थांतूनही दिले जाते. बेनेडिक्टाइन मठवासीयांनी १८८९ मध्ये स्थापिलेले फ्लॉरिडातील सेंट लिओ विद्यापीठ हा विषय संगणकावरूनही शिकविते. 'मी तुरुंगात होतो आणि तुम्ही मला भेटावयास आलात' ह्या प्रभूच्या शब्दांना दयेच्या कृत्यांत स्थान देणाऱ्या समाजाला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही.

भिंतीच्या आतले विद्यार्थी

चौकशी करता करता आणखी एक गोष्ट कळली, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. अमेरिकेत तुरुंगातील कैदीही पदवीचा अभ्यास करीत असत. १९९४ च्या कायद्याने त्यांचे पेल अनुदान बंद झाले आणि तुरुंगांतील बहुतेक वर्ग ओस पडले. तरीही न्यूयॉर्क राज्यात बार्ड महाविद्यालयाच्या एका विद्यार्थ्याच्या खटपटीने १९९९ मध्ये कैद्यांच्या शिक्षणाचा उपक्रम उभा राहिला. २०१५ मध्ये ह्या कैदी विद्यार्थ्यांनी वादविवादाच्या सामन्यात हार्वर्ड विद्यापीठाच्या मुलांना हरविले! अखेर कायदा बदलला, आणि १ जुलै २०२३ पासून कैद्यांस ते अनुदान पुन्हा मिळू लागले. न्यायाचा अभ्यास जो बाहेर करतो त्याने, आतल्या माणसालाही बुद्धी आहे, हा धडा प्रथम गिरवावा.

आपल्याकडेही हे अपरिचित नाही. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ मध्ये स्थापन झाले, आणि त्याची केंद्रे तुरुंगांतही आहेत. गुन्हेशास्त्राचा विभाग सागर विद्यापीठात १९५९ पासून आहे. बेळगावच्या वाचकांना धारवाड तर हाकेच्या अंतरावर, तेथील कर्नाटक विद्यापीठातही हा विषय शिकवितात. गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाची एक शाखा गोव्यात आहे. १९५८ च्या कायद्याने परिवीक्षा अधिकारी हे पद आपल्या देशातही निर्माण झाले आहे. १ जुलै २०२४ पासून १८६० च्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तेव्हा कायदा जाणणाऱ्या माणसांची निकड गावागावात वाढलीच आहे. मात्र पत्रद्वारा अथवा संगणकावरून घेतलेल्या पदवीने आपल्याकडे वकिलीची सनद मिळत नाही, हे कोणी विसरू नये. परदेशी पदवी घेऊन येथे परतावयाचे असेल, तर ती येथे चालेल काय, ह्याची चौकशी विद्यापीठ अनुदान आयोगाकडे प्रवेश घेण्यापूर्वीच करावी.

उत्तर

पंधरा दिवसांनी ते गृहस्थ पुन्हा आले. आम्ही त्यांना तीन प्रश्न कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिले. महाविद्यालयाचे नाव शिक्षण खात्याच्या यादीत आहे काय? जी नोकरी हवी, तेथे ही पदवी चालते काय? आणि सगळी मिळून किती रक्कम होते, ती लेखी देतील काय? त्यांनी कागदाची घडी करून ती पाकिटात प्रभूच्या चित्रामागे ठेवली.

नाताळच्या आधी ते परत भेटले, तेव्हा चेहऱ्यावर समाधान होते. जे कॉलेज तिला रोज फोन करीत होते, त्याने तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कधीच लेखी दिले नाही. शेवटी तिनेच फोन घेणे बंद केले. घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात तिने दोन विषय घेतले आहेत. पाळी संपवून ती रात्री अकराला घरी येते, जेवते आणि स्वयंपाकघरातील मेजावर पुस्तक उघडते. भांडी आता जावई घासतात. हे सांगताना सासऱ्यांचा आवाज जरा खाली आला, पण त्यात तक्रार नव्हती.

"पहिला निबंध कशावर लिहिला म्हणे?" आम्ही विचारले.

"त्या पोरावर," ते म्हणाले. "नाव न घेता. मास्तरांनी शेरा मारला आहे म्हणे, की प्रश्न चांगला विचारलास, आता उत्तराला पुरावा दे."

छत्री उचलून ते पायऱ्या उतरू लागले. पाऊस नव्हता, तरी छत्री होती. फाटकाशी थांबून त्यांनी मागे वळून विचारले, "गुरुजी, आपल्या हिंडलग्याच्या जेलात अशी पोरे असतील का हो? त्यांना भेटायला कोणी जाते का?"

ह्या प्रश्नाचे उत्तर आम्हीही शोधीत आहोत. वाचकांपैकी कोणास जावयाचे असेल, तर त्यांनी आम्हांस अवश्य कळवावे.